दोनदा उतरलो

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात मला शोधायचं असेल तर जरा खाली बघून शोधावं लागतं. माझी उंची पाच फुटांना दोन बोटं कमी आहे. निवृत्त होऊन पोटभर जेवायला लागलो, तरी वजन त्रेपन्न किलोच्या वर जात नाही. सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी उभा राहिलो तर लोकांना थप्पी आधी दिसते. याच अंगाने मी सव्वीस वर्षं शर्यतीचे घोडे पळवले, आणि दोन मोसमांत रेसकोर्सवर सगळ्यांत जास्त शर्यती जिंकणारा जॉकी ठरलो. हे सांगताना मी अजिबात घाई करत नाही. समोरच्याला नीट ऐकू जाईल असं सांगतो.

तरी आमच्या भागात जॉकी म्हणजे काय, हे कुणाला पटकन उमगत नाही. मी तांड्यावर परत आलो त्याच वर्षी एक बँडवाले माझ्याकडे आले. म्हणाले, "राठोडभाऊ, तुमी घोड्यातले मोठे मानूस हा. आमची नवरदेवाची घोडी फटाक्याले बुजून राह्यली. वरातीत जरा लगाम धरता काय?" बायको आतून हसत होती. मी गेलो. दोन तास घोडीच्या कानाशी बोलत चाललो, फटाके फुटले तरी घोडी हलली नाही. नवरदेव मात्र प्रत्येक आवाजाला दचकत होता. परतताना बँडवाल्यांनी मला बुंदीचा पुडा दिला. चॅम्पियन जॉकीचा असा सत्कार फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

या अंकाच्या संपादकांनी 'जिंकलेल्या शर्यतींविषयी लिहा' असं सुचवलं होतं. पण जिंकलेल्या शर्यतीत सांगण्यासारखं थोडं असतं. घोडा चांगला, सुरुवात चांगली, नशीब चांगलं, संपलं. मी इथे जिंकून गमावलेल्या दोन शर्यतींबद्दल लिहितो. दोन्ही वेळा मी एकच चूक केली. पहिल्या वेळी ती चूक आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या वेळी पक्कं माहीत होतं.

त्याआधी थोडं कामाबद्दल. जॉकी घोड्यावर बसतो असं लोक म्हणतात. तो बसत नाही. रिकिबीत चवडे टेकवून, गुडघे दुमडून, पाठ वाकवून तो घोड्याच्या पाठीवर अधांतरी असतो. घरी करून बघा. चवड्यांवर अर्धवट बसा, पाठ वाकवा आणि अडीच मिनिटं तसेच राहा. आता पायाखालची जमीन ताशी साठ किलोमीटरने पळतेय असं समजा, आणि दोन्ही बाजूंना तुमच्यासारखेच दहाजण आहेत असंही समजा. म्हणजे थोडी कल्पना येईल.

खरं काम तर वजनाचं. चांगल्या घोड्याला जास्त ओझं, कमकुवत घोड्याला कमी ओझं, म्हणजे सगळ्यांना जिंकायची सारखी संधी, असा हिशेब असतो. शर्यतीआधी जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर बसतो. वजन कमी भरलं तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशात शिशाच्या पट्ट्या घालतात. जास्त भरलं तर जॉकीने उपाशी राहायचं. मी सव्वीस वर्षं अर्धा कप चहा आणि अर्धी पोळी यांवर सकाळ काढली आहे. याडी, म्हणजे आई, फोनवर पहिला प्रश्न विचारायची, "जेवला का?" आणि मी रोज खोटं बोलायचो.

शर्यत संपली की जॉकीने पुन्हा त्याच काट्यावर बसायचं. आधी आणि नंतर वजन सारखं भरलं, तरच निकाल पक्का. आता यातली मेख लक्षात घ्या. मधल्या वेळात कुणी शिशाची पट्टी काढू-घालू नये, म्हणून शर्यत संपल्यावर जॉकीने घोड्यावरून उतरायचं नाही. घोडा वळवायचा, तसंच बसून काट्यापाशी यायचं, आणि तिथे ठरलेल्या जागीच उतरायचं. त्याआधी पाय जमिनीला लागला तर शर्यत गेली. घोड्याला खरोखर दुखापत झाली असेल तरच सूट, आणि दुखापत आहे की नाही हे रेसकोर्सचे डॉक्टर ठरवणार.

हा नियम मला पाठ होता. पण पाठ असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं.

माझ्या अंगात दुसराच नियम होता. आम्ही बंजारा. माझ्या पणजोबांपर्यंतचे लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. तो धंदा केव्हाच बुडाला, तांडा दारव्ह्याजवळ स्थिरावला, कापूस-तूर पेरू लागला. पण एक रीत राहिली. मुक्काम आला की आधी बैलाच्या पाठीवरची गोण उतरवायची, त्याला पाणी दाखवायचं, आणि मग माणसाने घोट घ्यायचा. माझे वडील, त्यांना मी बा म्हणतो, शंकरपटातले नावाजलेले धुरकरी होते. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोडीची शर्यत, आणि धुरकरी म्हणजे ती जोडी हाकणारा. शेवटच्या रेषेवरचा दोरा तुटून घड्याळ थांबलं रे थांबलं, की बा धावत्या गाडीवरून उडी टाकून बैलांच्या तोंडाशी जायचे. लोक त्यांना खांद्यावर घ्यायला धावत यायचे आणि ते म्हणायचे, "थांबा ना बाप्पा! जनावराचं काम झालं. पयले त्याले मोकळं करू द्या." घरी आम्ही गोर बोली बोलतो. वाचकांच्या सोयीसाठी बांचं बोलणं इथे वऱ्हाडीत लिहितो आहे.

बांच्या हाताखाली मी पटाची जोडी हाकायला शिकलो. माझी चण लहानच राहणार हे दिसल्यावर, गावातला एकजण रेसकोर्सच्या तबेल्यात कामाला होता, तो मला घेऊन गेला. रेसकोर्स कुठलं ते लिहीत नाही. तिथले लोक हयात आहेत आणि वाचतातही.

एकोणिसाव्या वर्षी मला पहिली जिंकण्यासारखी शर्यत मिळाली. घोडा वयस्क, शांत, जरा आळशी. त्याचा सईस, म्हणजे देखभाल करणारा, गफूरचाचा. सगळा तबेला या माणसाला वचकून असे. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मी त्या घोड्याच्या कानात, जसं बैलांना म्हणतात तसं, 'हुर्र हुर्र' करत राहिलो आणि तो एका मानेने पुढे निघाला. जिंकलो! घोडा हळू केला, वळवला. त्याच्या नाकपुड्या फुललेल्या, अंगावर घामाचा फेस. आणि मी, हरसिंग धुरकऱ्याचा पोरगा, टुणकन खाली उडी मारली, खोगिराचा तंग सैल केला आणि त्याच्या मानेवर थोपटत त्याला लगाम धरून चालवत आणू लागलो. लोक ओरडत होते. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. मी हातसुद्धा हलवला.

समोरून गफूरचाचा दोन्ही हात वर करून धावत येत होते. "चढ जा! अरे चढ जा, बेवकूफ!"

तेव्हा आठवलं. पण एकदा लागलेला पाय परत कसा उचलणार? भोंगा वाजला, घोषणा झाली आणि आमचा घोडा पहिल्यावरून शेवटचा झाला. शर्यतीच्या पंचांनी मला आत बोलावलं. तिघे टाय लावून बसलेले. मधल्यांनी विचारलं, "नियम माहीत नव्हता?"

"होता साहेब."

"मग का उतरलास?"

मला खरं तेच सुचलं. "साहेब, त्याचं काम झालं होतं ना."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघेही हसले. हसले तरी काही आठवड्यांची बंदी घातलीच. संध्याकाळपर्यंत माझं उत्तर सगळ्या तबेल्यांत फिरलं होतं. तेव्हापासून माझं नाव 'उतरजा राठोड' पडलं. मी चॅम्पियन झालो, वर्तमानपत्रात फोटो आले, तरी ते नाव काही सुटलं नाही. कुणी लवकर घरी निघाला तरी म्हणायचे, "क्यों, काम हो गया?"

बंदीच्या दिवसांत तांड्यावर आलो. बांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तू जिकला होता?"

"हो."

"अन् जिकल्यावर उतरला?"

"हो, बा."

"मंग चुकलं काय? दमलेल्या जनावरावर बसून राह्य म्हणते, हा कायचा कायदा?"

मी शिशाच्या पट्ट्या, काटा, लबाडी, सगळं समजावलं. बांनी मान हलवली. त्यांना कळलं, पण पटलं नाही. मला पटवून घेणं भाग होतं. पुढची एकवीस वर्षं मी ठरलेल्या जागेच्या एक पाऊलही आधी उतरलो नाही. प्रत्येक शर्यतीआधी गफूरचाचा मला घोड्यावर चढवताना पाय दाबून म्हणायचे, "ऊपर ही रहना." इतरांना ती थट्टा वाटे. माझ्यासाठी तो आशीर्वाद झाला होता.

आता दुसरी वेळ.

नागपूरचे वानखडे शेठ संत्र्याचे व्यापारी होते. आमच्याच भागातला जॉकी म्हणून त्यांचा माझ्यावर भारी जीव. त्यांच्याकडे एकच घोडी होती. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते शेठनाही धड म्हणता येत नसे. उजव्या पुढच्या पायाला खुराच्या वर पांढरा पट्टा होता, म्हणून तबेल्यात ती पैंजण. मी आयुष्यात शेकडो घोडे पळवले, पण पैंजणसारखी दुसरी नाही. तिला चाबूक दाखवायची गरज नव्हती. लगामावरची दोन बोटं सैल सोडली की ती समजून जायची.

मोसमातला सगळ्यांत मोठा कप जवळ आला. शेठ दोन महिने आधीपासून म्हणत होते, "राठोड, एकदा तो कप नागपूरले नेऊ दे. आमच्या मार्केटात टेबलावर ठेवतो. मंग मेलो तरी चालते." मी गमतीने म्हणायचो, कप ठेवा, पण मरू नका. माझ्याही मनात तेच होतं. छोट्या-मोठ्या शर्यती मी पुष्कळ जिंकल्या होत्या, दोनदा चॅम्पियनही झालो होतो, पण हा कप माझ्या नावावर नव्हता. चाळिशी आली होती. गुडघे बोलायला लागले होते. पुढच्या वर्षी असा घोडा मिळेल याची खात्री नव्हती.

शर्यत मी सांगत बसत नाही. चोवीसशे मीटरची होती. शेवटच्या वळणावर आम्ही पाचवे होतो, आतल्या कुंपणाच्या कडेला एक घोडा मावेल एवढी फट पडली, आणि मी दोन बोटं सैल सोडली. बस. अर्ध्या अंगाने जिंकलो. स्टँडमधून जो आवाज उठला, तो आजही डोळे मिटले की ऐकू येतो.

शेवटच्या खांबापुढे पंधरा-वीस ढांगा गेल्यावर रिकिबीत काहीतरी जाणवलं. धावणाऱ्या घोड्याचा एक ताल असतो, तो पायातून आपल्या पोटापर्यंत येतो. त्या तालात एक ठोका हलका पडला, उजव्या पुढच्या पायाचा. मग पुन्हा नीट. मग पुन्हा हलका. वळवून तिला चालवलं. चार पावलं सरळ टाकली. पाचव्या पावलाला तिने डोकं किंचित वर उडवलं. पुढचा पाय दुखणारा घोडा असं करतो. एवढं बारीक, की खालून कुणाला दिसणार नाही.

काट्यापर्यंत चारशे पावलं होती. मी त्या वेळी तेवढाच अंदाज केला. शेठ हार घेऊन कुंपणाजवळ येताना दिसत होते. बसून राहिलो असतो, तर कदाचित काही झालं नसतं. कदाचित ती हळूहळू चालत पोचली असती आणि कप आमचा झाला असता. पण माझं आणि खोगिराचं मिळून सत्तावन्न किलोचं ओझं त्या पायावर होतं, आणि तिचं काम झालं होतं.

उतरलो.

एवढ्या मोठ्या स्टँडला गप्प होताना मी पहिल्यांदा ऐकलं. गफूरचाचा आता म्हातारे झाले होते. या वेळी ते ओरडले नाहीत. हळू चालत आले, खाली बसून पायावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पाँव तो ठंडा है, बेटा." दुखऱ्या पायाला ऊब असते. हा पाय थंड होता. मागे भोंगा वाजला.

डॉक्टर आले. जाणता आणि सरळ माणूस. त्यांनी पाय दुमडला, दाबला, ठोकला. पैंजण शांत उभी. मग म्हणाले, "दहा पावलं चालवा. आता जरा पळवा."

ती दहा पावलं मी कधीच विसरणार नाही. डॉक्टरांनी 'काही नाही' म्हटलं तर कप जाणार, आणि 'दुखापत आहे' म्हटलं तर घोडी जाणार. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. त्या क्षणी मी मनात म्हणालो, पैंजण, एकदा लंगड. फक्त एकदा. जिच्यासाठी खाली उतरलो होतो, तिच्याकडेच मी हे मागत होतो. पण पैंजण मानी जात. हजारो लोक बघतायत म्हटल्यावर तिने मान ताठ केली आणि अशी डौलात पळाली, की कुणाला वाटावं, अजून एक शर्यत करेल.

"मला काही सापडत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

पंचांच्या खोलीत या वेळी कुणी हसलं नाही. मधल्यांनी विचारलं, "राठोड, तुझी खात्री आहे?"

"साहेब, मी तिच्या पाठीवर होतो," मी म्हणालो. "तुम्ही नव्हते."

नियमापुढे याला किंमत नव्हती, आणि नसावीच. कप दुसऱ्या घोड्याला गेला. त्याच्या जॉकीने माझ्याशी हात मिळवला तेव्हा त्याने नजर वर केली नाही.

बाहेर शेठ उभे होते. चारशे पावलांचा माझा अंदाज पंचांकडून त्यांच्या कानावर गेला होता. हार अजून हातातच. एवढा मोठा माणूस रडत होता. "चारशे पावलं, राठोड! चारशे पावलं बसता नाही आलं तुले? येवढ्या वर्साचं सपन होतं मायं, काहून केलं तू असं?" मी त्यांना नमस्कार केला आणि कपडे बदलायला गेलो. संध्याकाळी बांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "घोडी उभी हाय ना?" मी म्हणालो, उभी आहे. "मंग झालं," म्हणाले.

झालं नव्हतं. दोन दिवस तबेल्यात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मलाही वाटू लागलं होतं, की मीच चुकलो. तो ठोका माझ्या म्हाताऱ्या होणाऱ्या पायांचा होता आणि मी तो तिच्या नावावर घातला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गफूरचाचांनी मला खोलीतून उठवून नेलं. पैंजण चारा खात होती, पण उजवा पुढचा पाय जमिनीला टेकवत नव्हती. पायाचा एक्स-रे फोटो काढला. खुराच्या वरच्या नळीच्या हाडाला उभी, केसाएवढी चीर. अशी चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा हाताला लागत नाही, की फोटोत दिसत नाही. डॉक्टर फोटो घेऊन स्वतः माझ्याकडे चालत आले आणि सगळ्या तबेल्यासमोर म्हणाले, "राठोड, स्वार घेऊन ही काट्यापर्यंत चालली असती, तर हाड उभं फाटलं असतं. मग मला तिला इंजेक्शन द्यावं लागलं असतं." कुठलं इंजेक्शन, हे घोड्यांच्या माणसांना सांगावं लागत नाही.

निकाल बदलला नाही. एकदा पक्का झालेला निकाल बदलत नाही. रेसकोर्सवरच्या फळ्यावर त्या वर्षापुढे आजही दुसऱ्याचं नाव आहे. तो कप मला पुन्हा मिळाला नाही. लपवत नाही, फळ्याकडे बघितलं की टोचतं.

शेठ त्याच दिवशी नागपूरहून आले. तबेल्यात शिरले आणि माझ्याकडे न बघता पैंजणजवळ जाऊन बसले, पांढऱ्या पँटीसकट, गवतात. मग म्हणाले, "मी काय काय बोललो तुले." मी म्हटलं, शेठ, मीही माझ्या मनात बरंच बोललो होतो.

पैंजणचा पाय बरा व्हायला कित्येक महिने लागले. शर्यत आता तिच्या नशिबी नव्हती. मी निवृत्त व्हायचं ठरवलं, तेव्हा शेठचा फोन आला. "राठोड, घोडी तुया तांड्यावर घेऊन जा. माया इथं संत्र्याच्या पेट्यात ते काय करंल?"

ती ट्रकमधून आली. दारव्ह्यापर्यंत रस्ता बरा, पण तांड्याची वाट नाल्यावरून जाते आणि तिथे ट्रक वळत नाही. म्हणून तिला डांबरी रस्त्यावरच उतरवलं. शेठ गाडीने मागोमाग आले होते. सगळा तांडा रस्त्यावर जमलेला. वर्तमानपत्रातला राठोड घोड्यावर कसा बसतो, हे त्यांतल्या कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तांड्याचे नायक, म्हणजे आमचे प्रमुख, पुढे होऊन म्हणाले, "चाल ना भाऊ, बस! बसून ये तांड्यात. आमाले पाहू तं दे!" पायाला आता धोका नव्हता. डॉक्टरांनी हलका स्वार चालेल असं लिहून दिलं होतं. पोरं मोबाईल काढून तयार होती. खरं सांगतो, मलाही मोह झाला. बांसमोर एकदा तरी घोड्यावर बसून यावं, असं कुठल्या पोराला वाटणार नाही?

पण तितक्यात शेठनी पैंजणचा दोर माझ्या हातातून घेतला आणि चालायला लागले. मी दुसऱ्या बाजूने चाललो. तांडा कुरकुरत मागे आला. नाला उतरलो, चढलो. शेठ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. जरा जवळ गेलो तर ते पावलं मोजत होते.

बा अंगणात काठी टेकून उभे होते. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, पण टापांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. घोड्याबरोबर माणसांचीही पावलं वाजतायत हे त्यांना कळलं.

"बसून काहून नाही आला?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण उत्तर शेठनी दिलं. सगळा तांडा ऐकेल अशा आवाजात.

"तिचं काम झालं, बावाजी."

बांनी हात पुढे केला, चाचपत चाचपत पैंजणच्या कपाळापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला. मग वळून याडीला हाक मारली आणि पाण्याची बादली मागितली. पैंजण पोटभर पाणी पिऊन बाजूला झाली, तेव्हा कुठे त्यांनी शेठना आणि मला पाण्याचा तांब्या दिला.